कलस्सैकरांस 3:23 वावरात कसं पाळायचं? आपापल्या कामातलं लिहा

जे कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वचन आपल्याला पाठ आहे. पण वावरात, काट्यावर, दवाखान्यात ते पाळायचं म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं? साक्ष नको, कामाची रीत सांगा.

कापूस, दर्यापूर तालुका
दव सुकल्याशिवाय वेचणी लावू नका. ओला कापूस वजनात भरतो, पण गंजीत तापून पिवळा पडतो. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवा. प्लास्टिकच्या बोऱ्या नकोत; त्यांचे धागे जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना, निघत नाहीत, थेट सुतात उतरतात. वेचणाऱ्या बायांचं माप घेताना काटा आधी शून्यावर आणा. रिकाम्या कापडाचं वजन त्यांच्यासमोर करा आणि तेवढंच वजा करा. दर ओझ्यामागे सरसकट किलोभर कापणं ही चोरी आहे, खोटा काटा देवाला किळसवाणा वाटतो असं नीतिसूत्रे 11:1 म्हणतं. अनुवाद 24:15 तर मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या म्हणतं. आपल्याकडे चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. तो दिवस तरी टळू देऊ नका, आठवड्याचा किराणा त्याच पैशांतून येतो.

मजुरी, आर्वी तालुका
3:23 हे दासांना लिहिलेलं आहे. धन्यांसाठी पुढेच 4:1 आहे: न्यायाने आणि समतेने वागा. मजुरांना पहिलं ऐकवायचं आणि स्वतःसाठीचं गाळायचं, ही वचनाशी बेइमानी आहे.

कुष्ठरुग्णांच्या पायांची निगा, अचलपूर
बधिर पायात काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून पाय रोज डोळ्यांनी बघावा लागतो. पाणी साधंच घ्या; गरम घेतलं तर भाजल्याचंही त्याला कळणार नाही. पाय 20 मिनिटं बुडवून ठेवा. कडक कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासा, ब्लेड लावू नका. पाय ओलसर असतानाच तेल लावा, म्हणजे ओल आत टिकते. मग बोटांच्या बेचक्या, अंगठ्याखालची गादी, टाच बघा. लाल, गरम जागा दिसली की चालणं थांबवायचं. त्या पायावर भार पडत राहिला तर जखम होते आणि भरतही नाही. शेवटी चप्पल उलटी करून वर आलेला खिळा शोधा. योहान 13 मध्ये प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. टाचेची भेग दिसायला आपल्यालाही खालीच बसावं लागतं, खुर्चीवरून ती दिसत नाही.

फवारणी, वणी तालुका
2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 पेक्षा जास्त माणसं गेली. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर आधी पंपात नुसतं पाणी भरून गळती बघा. दोन-तीन औषधं मनाने मिसळू नका. कपाशी डोक्याएवढी झाली की फवारा तोंडावर येतो, अशा वावरात गडी पाठवू नका. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू देऊ नका. हातमोजे, मास्क आणि साबण मालकानेच द्यायचा.

सोयाबीन, मूर्तिजापूर तालुका
लेवीय 19:9 सांगतं, वावराचे कोपरे कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर वावरात पडलेलं धान्य, वेचू नका. बायबलमधली विधवा रूथ सरव्यावरच जगली. त्या वावराचा मालक बवाज, त्याने तर गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम कणसं टाकायला लावली. हार्वेस्टर गेल्यावर वावरात शेंगा आणि दाणे राहतातच. ओल उडायच्या आत हरभरा पेरायची घाई असते हे खरं, पण म्हणूनच पाळी (वखर) कोणत्या दिवशी फिरणार ते वस्तीत आधी सांगा आणि मधले दोन दिवस वावर मोकळं ठेवा. सरव्याला आलेल्या बायांकडून धुरा, म्हणजे वावराचा बांध, साफ करून घेऊ नका.