वळिवडे आणि पोलंडची सांस्कृतिक मुत्सद्देगिरी: स्मारकं झाली, पुढे काय?

करवीरकर
ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्साला गेले. मोरारजीभाईंच्या 1979 च्या भेटीनंतर 45 वर्षांनी भारताचे पंतप्रधान तिथे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश मुलांना आसरा देणारे नवानगरचे (आजचं जामनगर, गुजरात) संस्थानिक जामसाहेब यांच्या तिथल्या स्मारकावर आणि कोल्हापूरच्या स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. दरवर्षी 20 पोलिश तरुणांना भारतात आणण्याची योजना जाहीर झाली, तिला नाव दिलं जामसाहेबांचं. कोल्हापूरकर म्हणून मला आनंद झाला. तरीही एक गोष्ट खटकते, ती मांडतो.

जामसाहेबांच्या संस्थानातल्या बालाचडीच्या छावणीत काहीशे मुलं होती. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात 5,000 च्या आसपास पोलिश माणसं राहिली, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. स्टॅलिनने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे पंचगंगेच्या काठी आली. बराकी, शाळा, चर्च, स्काउटची पथकं, सगळं गावच उभं राहिलं. मग वॉर्सात चौक जामसाहेबांचा, शाळेला नाव जामसाहेबांचं आणि आपल्या वाट्याला एक स्मारकच का? मला वाटतं, मुत्सद्देगिरीला एक चेहरा लागतो. नवानगरला चेहरा होता. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1940 मध्ये गेले, गादीवर अल्पवयीन शिवाजी महाराज होते आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे. दूध घालणारा, भाजी विकणारा, बराकी बांधणारा गवंडी यांचा पुतळा कोण उभारणार?

पोलंडने आता वळिवड्याच्या माणसांवर काम करावं. कागदपत्रं मराठीत आणावीत, शिवाजी विद्यापीठात पोलिश भाषेचे वर्ग चालवावेत. पुष्पचक्रं पुरे झाली.

इतिहासवेडा
करवीरकर, तळमळ पटते, पण स्मारकांना एवढं कमी लेखू नका. ही आठवण पोलंडमध्ये 1989 पर्यंत उघडपणे काढताच येत नव्हती. सोव्हिएत रशियाने पोलिश लोकांना हद्दपार केलं होतं, हे कम्युनिस्ट राजवटीत बोलायची सोय नव्हती. वळिवड्याहून निघालेले बहुतेक जण पोलंडला गेलेच नाहीत, कारण त्यांची गावं सोव्हिएत युनियनच्या हद्दीत गेली होती. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगले. लंडनमध्ये त्यांनी आपली संघटना काढली आणि म्हातारपणापर्यंत आठवणी, कागद गोळा केले. महावीर गार्डनमधला स्तंभ म्हणजे त्या माणसांनी मानलेले आभार आहेत. वॉर्सातलं कोल्हापूरचं स्मारक 2017 चं, माँटे कॅसिनोच्या (1944 मध्ये इटलीत पोलिश सैनिकांनी गाजवलेली लढाई) स्मारकाशेजारी. ती जागा किती मानाची आहे याचा विचार करा. पोलिश सैनिकांच्या सर्वांत मोठ्या अभिमानाशेजारी त्यांनी आपल्या गावाला बसवलंय.

आणखी एक. वळिवड्याचा खर्च प्रामुख्याने लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने केला. बालाचडी मात्र जामसाहेब, इतर संस्थानिक आणि देणगीदार यांच्या पैशावर चालली. त्यामुळे आभारांचा सूर वेगळा असणार. यात कोल्हापूरवर अन्याय झालाय असं मला वाटत नाही.

व्रोत्सवाफहून
मी इथे पोलंडमध्ये आयटीत आहे. शेजारच्या आजींना मी कोल्हापूरकडचा आहे हे कळलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. त्यांच्या नात्यातलं कुणी तिकडे वाढलेलं. त्यामुळे आठवण कागदोपत्रीच आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये युक्रेनमधून पळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसाशिवाय सीमा ओलांडू दिली आणि झेशूफहून विमानं भरून मुलं घरी आली, हे विसरू नका. तेव्हा जामसाहेबांचं नाव कित्येकांच्या तोंडी होतं.

सरळरेषा
2022 चं कौतुक मीही करते. पण आठवण जपायची तर पूर्ण जपायला हवी. त्याच वर्षी पोलंडने बेलारूसच्या सीमेवर 186 किमी पोलादी कुंपण पूर्ण केलं आणि मार्च 2025 मध्ये त्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्कच स्थगित केला. जंगलात अडकलेल्यांत लहान मुलं होती. 'आम्ही एकेकाळी निर्वासित होतो' हे जगाला सांगणाऱ्या देशाला मी हा प्रश्न विचारणारच. नुसत्या आभारांच्या सोहळ्यात तो बुडून जातो.

इतिहासवेडा
ताई, प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच मांडलात. बेलारूसची राजवट माणसांना मुद्दाम सीमेवर आणून ढकलत होती, ही पोलंडची बाजू आहे आणि ती पोकळ नाही. त्याच देशाने सुमारे दहा लाख युक्रेनियन लोकांना संरक्षण दिलंय.

सरळरेषा
राजवटीचा डाव होता हे मान्य. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने तो डाव रचलेला नव्हता. 1942 मध्ये इराणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोलिश मुलांनाही कुणीतरी म्हणू शकलं असतं, 'ही स्टॅलिनची पिलावळ, आत घेऊ नका'. तसं कुणी म्हटलं नाही, म्हणून ती जगली.

करवीरकर
सरळरेषा, तुमचा मुद्दा माझ्या मूळ मुद्द्याच्या पुढचा आहे आणि मला तो पटतो. इतिहासवेडा, खर्चाचं आणि आभाराच्या सुराचं पटलं. पण गावाला बसवलंय म्हणताना गावातली माणसं कुठे आहेत? त्या पोलिश माणसांना ओळखणाऱ्या पिढीतले फार थोडे उरलेत. दहा वर्षांनी विचारायला कोणी राहणार नाही. पोलंडच्या परराष्ट्र खात्याला आणि मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाला माझं एवढंच म्हणणं आहे: 20 तरुणांपैकी दोघांना दरवर्षी कोल्हापुरात पाठवा. त्यांनी इथल्या मुलांबरोबर घराघरांत जाऊन आठवणी टिपाव्यात, दोन्ही भाषांत.

गांधीनगरचा
मी सिंधी, जन्म इथलाच, मराठी शाळेत शिकलेला. 1948 मध्ये पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत आमचे आजोबा-पणजोबा आले, फाळणीत सगळं सोडून. आज तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरात येता, ते हेच गाव. एक निर्वासित उठले, दुसरे बसले. आजी सांगायची, बराकीच्या भिंतीवर परक्या अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं, घर वाढवताना ती भिंत पाडली. करवीरकर, ते तरुण येतील तेव्हा आमच्याकडेही पाठवा. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि पोलंडला त्यातलं काही उपयोगी पडेल असं मला वाटतं.

इतिहासवेडा
भाऊ, ती भिंत कोणत्या ओळीतल्या बराकीची होती, हे आजींकडून कधी समजलं होतं का? लंडनच्या संघटनेने छावणीच्या आठवणी आणि कागद जपलेत. त्यांच्याशी ताडून पाहता येईल.