मदत हवी आहे : बाबांची हृदयासाठीची गोळी आणि हाताची थरथर

पऱ्हाटी :
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जि. यवतमाळ. बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. पोळ्याच्या सुमारास त्यांना अटॅक आला. ॲसिडिटी समजून ते ओवा चघळत बसले, त्यात वेळ गेला. जवळच्या सरकारी दवाखान्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं, पुढे नागपूरला एक स्टेंट. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३५ टक्के. तिथले डॉक्टर म्हणाले की हृदयाचा काही भाग गेला आहे, पण काही नुसता बधिर झालाय, तो सावरू शकतो. पुढचा इको दिवाळीनंतर.

औषधं बरीच आहेत : ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, स्टॅटिन, मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, डापाग्लिफ्लोझिन. शिवाय ट्रायमेटाझिडिन ३५, दिवसातून दोनदा. ही कशाची म्हणून विचारलं तर "हृदयाच्या स्नायूला एनर्जी मिळते" एवढंच कळलं.

अडचण अशी की नवरात्रापासून बाबांचे हात थरथरतात. चहाची बशी धरवत नाही, चालही मंदावली, रात्री पाय झटकतात. त्यांचं म्हणणं, "मले काई नाई झालं, कापूस येचाले जाऊ द्या." शेजारी म्हणतात फवारणीचं विष चढलं. माझं कृषी केंद्र आहे, २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यानं काय भोगलं ते जवळून पाहिलंय. पण बाबांनी यंदा फवारणीच्या पंपाला हातच लावला नाही, आणि विषबाधा अशी हळूहळू वाढत नाही.

त्यात मेव्हण्यानं पुण्याहून कोक्यूटेन आणि कार्निटिन या ताकदीच्या पूरक गोळ्या पाठवायचं ठरवलंय. महिन्याचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. या गोळ्या खरंच लागतात का? आणि थरथर कशाची?

बुलढाण्याची_सिस्टर :
दादा, आधी एक सांगा, थरथर सुटते त्या वेळी शुगर पाहिली का? शुगरच्या गोळ्यांनी साखर खाली गेली तरी हात कापतात, घाम फुटतो.

पऱ्हाटी :
पाहिली ताई. ग्लुकोमीटरवर दर वेळी १३० च्या वरच. घामही नाही.

सेवाग्रामकर :
मी फिजिशियन आहे, पण रुग्ण पाहिलेला नाही, हे धरून वाचा. थरथर, मंद चाल, रात्री पायांची चुळबुळ हे तिन्ही एकत्र असतील तर माझं पहिलं बोट ट्रायमेटाझिडिनकडे जाईल. त्यानं पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. याच कारणानं युरोपच्या औषध नियामकानं २०१२ मध्ये तिचा वापर आखडता घेतला, आणि ज्यांना आधीच कंप आहे त्यांना ती देऊ नये असं बजावलं. ही गोळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं असेल तर ती अंगात साचते. शेवटचं क्रिएटिनिन किती होतं? उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि "हात कापतात" एवढंच नाही, तिन्ही लक्षणं सांगा. तिच्यामुळे असेल तर ती थांबवल्यावर बहुतेकांचा त्रास चार महिन्यांच्या आत जातो. ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉरचा मात्र एकही डोस चुकवायचा नाही, नवीन स्टेंट बंद पडू शकतो.

आता "एनर्जी"बद्दल. हृदयाकडे एटीपीचा, म्हणजे पेशी वापरतात त्या इंधनाचा, साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो, ते सतत तयार करावं लागतं. एरवी त्यातलं बहुतेक चरबी जाळून येतं. रक्त थांबलं की ते बंद पडतं, ग्लुकोज अर्धवट मोडून पेशी तग धरते आणि आम्ल साचतं. गंमत पुढे आहे : रक्त परत आल्यावर पेशी पुन्हा चरबीवर तुटून पडतात, ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन मागे राहतं, आम्ल काढता काढता पेशीत कॅल्शियम भरतं. म्हणजे नस उघडली तरी स्नायू काही काळ आकुंचन पावत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ज्याला बधिर म्हटलं तो हाच. ट्रायमेटाझिडिन चरबीच्या ज्वलनातलं एक एन्झाइम अडवून पेशीला ग्लुकोजकडे वळवते. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोजपासून थोडी जास्त ऊर्जा मिळते.

कागदावर सुंदर. पण २०२० च्या मोठ्या चाचणीत, अँजिओप्लास्टी झालेल्या ६००७ रुग्णांत, नेहमीच्या औषधांवर ही गोळी घालून मृत्यू, भरती किंवा छातीचं दुखणं कमी झालं नाही. त्यात बाबांसारखे मोठ्या अटॅकचे रुग्ण नव्हते, हे खरं. ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियमचं सलाइन हा याच विचाराचा जुना उपाय, १९६२ पासूनचा. २००५ मध्ये अटॅकच्या २०,२०१ रुग्णांवर तपासला, मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, १० टक्क्यांच्या आसपास. स्नायू वाचवायचा खरा उपाय रक्त लवकर परत आणणं हाच, आणि ते काम तुमच्या इंजेक्शननं व स्टेंटनं केलंय. पुढचं मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल, डापाग्लिफ्लोझिन करतात. ती परवडेनाशी होऊ देऊ नका.

कोक्यूटेनचा एक अभ्यास आशादायक निघाला, २०१४ चा, पण रुग्ण अवघे ४२०. कार्निटिनसाठी मी पैसे घालणार नाही. मेव्हण्याला सांगा, तेवढ्या पैशात बीपीचं मशीन आणि वजनकाटा पाठव.

पऱ्हाटी :
आभार डॉक्टर. सकाळी नागपूरला फोन झाला. त्यांनी ट्रायमेटाझिडिन लगेच बंद करायला सांगितली, बाकी औषधं तशीच. क्रिएटिनिन डिस्चार्जच्या वेळी १.६ होतं, कागदावर सापडलं. आज यवतमाळला परत तपासायला दिलंय. मेव्हणा वजनकाटा पाठवतोय, थोडा रुसलाय.

एकच राहिलं. बाबा वावरात जायचा हट्ट सोडत नाहीत. कापूस फुटलाय आणि मजूर मिळत नाही, त्यामुळे त्यांचा जीव तिकडेच.

बुलढाण्याची_सिस्टर :
सकाळच्या उन्हाआधी धुऱ्यापर्यंत चालत जाऊ द्या, दम लागला की थांबायचं. गाठोडं उचलणं आणि वाकून वेचणं इको होईपर्यंत नाही. दोन दिवसांत दोन किलो वजन वाढलं किंवा पायांवर सूज दिसली तर वाट न पाहता दवाखाना. आणि छातीत परत दुखलं तर ओवा नाही, १०८.