मदत हवी आहे: फ्लँक स्टेक वरून लगदा, आतून वातड

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी लेकाचा सोळावा वाढदिवस. केक नको, घरी ग्रिल केलेला स्टेक हवा, असा त्याचा हट्ट. म्हणून रविवारी रंगीत तालीम केली आणि ती पार फसली. (बीफ खावं की नाही, यावर इथे चर्चा नको, प्लीज. आम्ही शिकागोत राहतो, घरात सगळे खातात.)

७०० ग्रॅमचा, साधारण २ सेंटीमीटर जाड फ्लँक स्टेक (बीफचा पोटाकडचा चपटा तुकडा) होता. आई मटणाला लावते तसं कच्च्या पपईचं वाटण, आलं-लसूण, दोन लिंबांचा रस, सोया सॉस आणि दोन चमचे मध चोळून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवला. सकाळी पिशवी उघडली तर वरचा थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बोटाला चिकटून येत होता. तसाच कोळशावर टाकला. आधी नुसती वाफ, मग मध करपून काळे डाग. आत गुलाबी दिसला म्हणून आणखी ठेवला. उतरवला तेव्हा थर्मामीटरवर ७४ अंश सेल्सियस होते. लांब लांब पट्ट्या कापून वाढल्या. लेक बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "छान झालंय, आई." तेच मनाला लागलं.

पपईने मटण मऊ होतं, मग इथे काय बिनसलं?

प्रतिसाद:
ताई, पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, पण वाटण मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरतं. रात्रभरात वरचा थर विरघळला, आतला होता तसाच राहिला. मटणाचे तुकडे लहान, शिवाय ते पुढे तासभर रश्श्यात शिजतात. स्टेक दहा मिनिटांत होतो. या वेळी पपई वगळाच. मीठ मात्र खोलवर जातं, सोया सॉसमध्ये ते आहेच. लिंबू अर्धं, आणि मुरवायला दोन तास पुरे.

ग्रिलवर टाकण्याआधी कागदी रुमालाने खरंच कोरडा करा. ओला असला की आच पाणी उडवण्यातच जाते, रंग धरत नाही. कोळसे एका बाजूला रचा. धगीवर दोन्हीकडून तीन-चार मिनिटं, मग गरज लागली तर रिकाम्या बाजूला सरकवा. मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी आणि रसाळ, ५४ ते ५७ अंशांना होतो. अमेरिकी कृषी विभाग ६३ अंश आणि उतरवल्यावर ३ मिनिटं विसावा सांगतो, तेही चालेल. ७४ ला मात्र फ्लँक वातडच होणार.

आणि कापणं! फ्लँकमध्ये मांसाच्या धाग्यांच्या रेषा लांब, उघड दिसतात. तुम्ही रेषांच्या दिशेने कापलात. रेषांना आडव्या, पातळ चकत्या करा, निम्मा वातडपणा तिथेच जाईल.

धागाकर्ती:
रेषांकडे मी पाहिलंच नव्हतं! मनापासून आभार. मध पूर्ण बंद करू का? लेकाला गोडसर चव आवडते.

प्रतिसाद:
बंद नको. शेवटच्या मिनिटाला ब्रशने लावा.