११७६ क्लोन: रिलीज फिरवला की लेव्हल बदलते, पावसात जास्तच

फोंडा_साउंड:
घरी जुळवलेला एफईटी कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र; दाबण्याचं काम एफईटी हा गेटवरच्या व्होल्टेजने उघडणारा-मिटणारा ट्रान्झिस्टर करतो), ११७६ या स्टुडिओ कॉम्प्रेसरच्या रेव्ह डी आवृत्तीचं सर्किट, एकच चॅनल. गेन रिडक्शनचा (आवाज दाबणारा) आणि पॅनलवरच्या मीटरचा असे दोन्ही एफईटी २एन५४५७. पुरवठा +३० आणि −१० व्होल्ट. उन्हाळ्यात कॅलिब्रेशन जमलं होतं, जूनपासून बिघडलंय.

१) ॲटॅकचा नॉब (आवाज दाबायला किती झटकन लागायचं ते ठरवणारा) 'बंद'वर, १ किलोहर्ट्झचा साइन दिला. रिलीज (दाबलेला आवाज किती वेळात सुटतो) सगळ्यात फास्टला आउटपुट ०.८८ व्होल्ट, सगळ्यात स्लोला ०.८१. कॉम्प्रेशन चालूच नसताना रिलीजने लेव्हल का बदलावी?
२) क्यू-बायसच्या (एफईटीच्या गेटला स्थिर व्होल्टेज देणाऱ्या) प्रीसेटच्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या पॉटच्या, मधल्या पायावर −३.० व्होल्ट. पण गेटवर फास्टला −२.९ आणि स्लोला −१.८५! मल्टिमीटर १० मेगओहमचा. रिलीजचा पॉट सुटा मोजला होता, ५.० मेग भरला.
३) पॅनलवरचा मीटर १० डीबी दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात किती दबतंय याचा भरवसा नाही.
४) संध्याकाळी सातनंतर हम (घुमणारा गुणगुणता आवाज) येतो, रात्री उशिरा आपोआप जातो.

वास्कोचा भजनी सप्ताह जवळ आलाय, गायकांच्या माइकवर हाच वापरायचा आहे. एफईटी बदलू का?

सोल्डरधूर:
एफईटीला हात लावू नका. अस्सल २एन५४५७ आता मिळणं कठीण, बाजारात खोटे भरपूर. चांगला काढून भलताच बसवाल.

आधी दुसरा मुद्दा, कारण त्यात बराचसा दोष मल्टिमीटरचा आहे. गेटला बायस मिळतो तो २७० किलोओहम आणि ५ मेगचा रिलीज पॉट यांच्यातून. स्लोला हे ५.२७ मेग होतात. त्यापुढे १० मेगचा मीटर जमिनीकडे लावला की सरळ डिव्हायडर तयार होतो: ३ × १० ÷ १५.२७ = १.९६ व्होल्ट. म्हणजे बोर्ड कोरडा ठणठणीत असता तरी तुम्हाला −१.९६ च दिसले असते. गेट मोजायचा तर रिलीज फास्टला ठेवूनच मोजा.

पण तुम्हाला १.९६ नाही, १.८५ दिसले. हा जो फरक आहे ती खरी गळती. उलट गणित केलं तर गेटपासून जमिनीकडे साधारण ५५ मेगओहमची वाट आहे. मीटर काढल्यावरही ती वाट राहतेच, म्हणून स्लोला गेटवर −३.० ऐवजी −२.७५ च्या आसपास असणार. एन-चॅनल एफईटीचा गेट शून्याकडे सरकला की चॅनल उघडतो आणि सिग्नल जमिनीकडे पळतो. तुमचा पहिला मुद्दा तो हाच.

५५ मेग म्हणजे बोर्डावर राहिलेला फ्लक्स आणि आपल्याकडची खारी दमट हवा, एवढंच पुरतं. खात्री करायची असेल तर आउटपुटवर मल्टिमीटर लावून, रिलीज स्लोला ठेवून गेटच्या टाक्यांवर तोंडाने 'हा' करून वाफ सोडा. आकडा लगेच घसरला आणि अर्ध्या मिनिटात सावकाश वर आला, तर रोगी सापडला.

डायोडवर संशय घेण्याआधी बघा, तुमच्या बोर्डावर ॲटॅकचा स्विच साइडचेन (सिग्नल मोजून गेटला व्होल्टेज देणारी बाजूची वाट) पूर्ण तोडतो का. तोडत असेल तर रेक्टिफायरचे डायोड या चाचणीत नाहीतच.

उपाय: ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश. गेट, ०.२२ मायक्रोफॅरडचा टायमिंग कपॅसिटर, रिलीज पॉटचे पाय, या तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंनी घासा. एकदा घासून थांबू नका. पहिल्या धुण्यात फ्लक्स फक्त पसरतो, दुसऱ्या स्वच्छ आयपीएने तो निघतो. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर वापरू नका, प्लॅस्टिकचे भाग खातं. मग हेअर ड्रायरने बोर्ड हाताला गरम लागेपर्यंत वाळवा आणि गरम असतानाच कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डाला ओलाव्यापासून वाचवणाऱ्या लेपाचा) हात द्या, फक्त गेटच्या भागावर. पॉट, प्रीसेट, स्विच यांच्यावर थेंबही नको. आणि न धुता कोटिंग मारलं तर गळती आत कायमची बंद होते.

टायमिंग कपॅसिटर सिरॅमिक असेल तर त्याच बैठकीत काढा, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घाला.

बार्देश_वायरिंग:
चौथ्या मुद्द्याचा गळतीशी काही संबंध नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, रात्री पंखे-दिवे बंद झाले की चढतं.

ट्रान्सफॉर्मर २८ व्होल्टचा असेल असं धरतो. २३० ला डीसी ३८ च्या वर मिळतो. १९० ला तोच ३१ वर येतो, त्यातून रिपल (डीसीत उरलेली लहर) वजा. ३० व्होल्ट देणाऱ्या एलएम३१७ या रेग्युलेटरला वर दोन-तीन व्होल्ट लागतातच. ते नसले की रेग्युलेटर हात वर करतो आणि १०० हर्ट्झ थेट लाइनवर. डिमरस्टॅटवर (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) २३० पासून हळूहळू खाली या आणि हम कुठे सुरू होतो ते बघा. २०० च्या आसपास सुरू झाला तर ट्रान्सफॉर्मर ३२ व्होल्टचा घ्या. फिल्टर कपॅसिटर वाढवून थोडंच भागेल, कारण मूळ व्होल्टेजच कमी आहे. नवा घेताना कपॅसिटरांचं रेटिंग ६३ व्होल्ट बघा, लोड नसताना आणि लाइन २५० ला गेली की ५० चे काठावर येतात.

हम ५० हर्ट्झचा निघाला तर मात्र गोष्ट वेगळी: अर्थ लूप (दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने होणारा), नाहीतर मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जवळ. तेव्हा प्लगची अर्थची पिन कापायची नाही. मंडपात ओल्या जमिनीवर अनवाणी माणसं माइक धरतात. तोडायचंच तर केबलच्या एकाच टोकाला शील्ड तोडा.

सोल्डरधूर:
बरोबर. म्हणून कॅलिब्रेशन पुरवठ्यापासूनच सुरू होतं. +३० आणि −१० स्थिर झाल्याशिवाय प्रीसेटला स्क्रूड्रायव्हर लावण्यात अर्थ नाही. अर्धा तास चालू ठेवा, मग:

आउटपुटवर ६०० ओहमचा लोड (५६० आणि ३९ सिरीजमध्ये). ॲटॅक बंद, रिलीज फास्ट. क्यू-बायसचा प्रीसेट ज्या टोकाला आवाज सर्वांत मोठा होतो तिकडे पूर्ण फिरवा, आउटपुट नॉबने बरोबर १.००० व्होल्ट आणा. आता प्रीसेट उलटा आणत ०.८९१ वर थांबा. हा १ डीबीचा उतार, म्हणजे एफईटी नुकता उघडू लागलाय. याहून जास्त उघडलात तर काही नसतानाही आवाज दबलेला राहील, कमी उघडलात तर कॉम्प्रेशन उशिरा आणि झटक्यात सुरू होईल. साधे मल्टिमीटर एसीला ४०० हर्ट्झपुढे कमी दाखवतात, तुमचा तसा असेल तर टोन ४०० चा घ्या.

मग पॅनलचा मीटर जीआरवर (गेन रिडक्शन), ॲटॅक बंदच, काटा शून्यावर. पुढे ट्रॅकिंग, म्हणजे काटा खऱ्या दाबाशी जुळवणं. रेशो २०:१. ॲटॅक बंद असताना आउटपुट १.००० करा, चालू केल्यावर ०.३१६ यायला हवं, तेव्हा खरे १० डीबी. येत नसेल तर इनपुट हलवा, पण प्रत्येक वेळी बंद करून १.००० परत लावा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. ०.३१६ आलं की ट्रॅकिंगच्या प्रीसेटने काटा १० वर. आता शून्य पुन्हा बघा, ते थोडं सरकलेलं असतंच. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही बसतात. ५ डीबीला (०.५६२) काटा एक डीबीहून जास्त चुकला तर मात्र दोन एफईटींची जोडी जुळलेली नाही.

जोडी तपासायला ९ व्होल्टची बॅटरी पुरते. ड्रेन धनला, गेट ऋणला, आणि सोर्स ते गेट नुसता १० मेगचा मल्टिमीटर. जो आकडा येतो तो जवळजवळ पिंच-ऑफ (एफईटी पूर्ण मिटतो ते व्होल्टेज). २एन५४५७ मध्ये हा ०.५ पासून ६ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून एकाच पुडीतले दोन घेतले की झालं असं नाही.

फोंडा_साउंड:
वाफेच्या चाचणीत ०.८१ चे ०.७४ झाले, परत यायला वेळ लागला. हम १०० चाच आहे, डिमरस्टॅटवर २०५ ला सुरू होतो. आज धुतो. पण दर पावसात हे करायचं का? रिलीजचा रेझिस्टन्सच कमी केला तर?

सोल्डरधूर:
करता येतो. पॉट २.२ मेग, त्याच्या सिरीजमधला २७० च्या जागी १२० किलो, कपॅसिटर ०.४७. रिलीज साधारण ५५ मिलिसेकंद ते १.१ सेकंद, म्हणजे होता तेवढाच. तीच ५५ मेगची गळती मग गेट पाव व्होल्टाऐवजी साधारण ०.१२ व्होल्ट सरकवेल. कोटिंगसह पुरेसं आहे.

किंमत एवढीच, की कपॅसिटर दुप्पट झाल्याने ॲटॅकही दुप्पट संथ होतो: २० ते ८०० मायक्रोसेकंदचे ४३ ते १७०० च्या आसपास. भजनाला ते उलट बरंच. माइकमध्ये झांज घुसते तेव्हा प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाज खाली जातो, तो थोडा कमी जाईल. ॲटॅक पूर्ण डावीकडे ठेवा, पण 'बंद'च्या खटक्याच्या अलीकडे. या मशीनवर नॉब उजवीकडे म्हणजे फास्ट, इतरांच्या उलट. मंडपात दुसऱ्या कुणाच्या हातात देणार असाल तर पॅनलवर बाण काढून ठेवा.