मदत हवी आहे: 'द गिव्हर' शिकवतेय, पण मुलांना ती वस्तीच आवडली!

नमस्कार मंडळी. नाशिकला नववीच्या सेमीच्या वर्गाला अवांतर वाचन म्हणून लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३) घेते आहे. आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास, मुलं ५२, प्रोजेक्टर नाही.

वाचली नसेल त्यांच्यासाठी: जोनसच्या वस्तीत भूक नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. बाराव्या वर्षी कोणी कोणतं काम करायचं ते ज्येष्ठांची समिती ठरवते. सगळ्यांच्या वतीने जुन्या आठवणी एकट्याने सांभाळायच्या, हे काम जोनसच्या वाट्याला येतं.

अडचण अशी की मुलांना हे सगळं जाम आवडलंय. "बाई, दहावीचं टेन्शन नाही, सीईटी नाही, मग वाईट काय त्यात?" एकीने विचारलं, "रामराज्य म्हणजे हेच ना?" (पंचवटीच्या इतक्या जवळ राहून हा प्रश्न येणारच होता.) मी काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाची आठवण करून दिली. म्हटलं, कोणी आदर्श म्हटलं की दाराबाहेर कोण उभं आहे ते आधी बघायचं. मुलांनी माना डोलावल्या. बाई बोलायच्या थांबाव्यात म्हणून डोलावतात, तशा.

एक उपक्रम केला आणि तोंडघशी पडले. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला आयुष्यभराचं काम दिलं. 'मजूर' ही चिठ्ठी नेमकी अशा मुलाला आली, ज्याची आई द्राक्षबागेत कामाला जाते. वर्ग हसला. चूक माझीच. पुस्तकात मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून निवड होते, मी सोपं पडतं म्हणून चिठ्ठ्या केल्या.

प्रवचन न देता मुलांना स्वतःलाच खटकेल असं काय करता येईल? आणि 'रिलीज'चं प्रकरण कसं घ्यावं? जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला जोनसचे वडील सुई टोचून मारतात, ते. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मागच्याच महिन्यात गेले.

प्रतिसाद १
एक तास 'अचूक भाषे'चा करा. जोनस लहानपणी 'उपासमार होतेय' म्हणाला म्हणून त्याला दुरुस्त करतात, तुला फक्त भूक लागली आहे. तसं वर्गात 'भुकेने जीव चाललाय', 'हसून हसून पोट दुखलं', 'डोकं फिरलंय' बंद. कोणी बोललंच तर उभं राहून माफी मागायची आणि बाकीच्यांनी एका सुरात 'आम्ही तुझी माफी स्वीकारतो' म्हणायचं. आधी धमाल येते, मग मुलं गप्प बसायला लागतात. माझ्या वर्गात पंधरा मिनिटंही टिकलं नाही.

प्रतिसाद २
येवल्याच्या पैठणीच्या फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स वाटा. रंगाचं नाव न घेता शेजाऱ्याला वर्णन करून सांगायचं.
आठवणींसाठी नाशिककरांना बाहेर जायलाच नको. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते आपण बघतो ना? मुलांनी घरच्या मोठ्यांकडून पुराच्या आठवणी लिहून आणायच्या, पण वाचायच्या एकाच मुलाने. बाकीच्यांना काही सांगायचं नाही. दोन दिवसांनी विचारा, पुन्हा पूर आला तर कोणाला विचाराल?

प्रतिसाद ३
'रिलीज'बद्दल. त्या मुलीशी आधी एकटीशी बोला, तिला त्या तासाला ग्रंथालयात बसायचं असेल तर बसू द्या. मग फळ्यावर आपले शब्द लिहून घ्या: गेले, वारले, देवाज्ञा झाली, कैलासवासी. आपण ऐकणाऱ्याला लागू नये म्हणून शब्द मऊ करतो, पण काय झालं ते दोघांनाही माहीत असतं. तिथे 'रिलीज' म्हणजे काय हेच लोकांपासून लपवलंय, आणि तीच वस्ती पोराला 'उपासमार' म्हणू देत नाही! ही विसंगती तुम्ही बोलून दाखवू नका. पहिल्या प्रतिसादातला खेळ आधी झाला असेल तर कोणीतरी बोलेलच.

धागाकर्ती
शेवटचं वाक्य वाचून क्रमच बदलला. गुरुवारी अचूक भाषा, 'रिलीज' पुढच्या आठवड्यात. त्या मुलीशी आज डब्याच्या सुट्टीत बोलले. ती म्हणाली, "मी वर्गातच बसेन, बाई. फक्त मला वाचायला सांगू नका." चिठ्ठीवाल्या मुलाशी अजून बोलायचंय. काय बोलू, तेही सुचवा.