शब्दचर्चा: गटाचा ‘विस्तार’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: बीजगणितातल्या क्षेत्राचा (field: ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात असा संच) विस्तार कळतो. परिमेय संख्यांत √२ आणला की अ + ब√२ अशा संख्यांचं मोठं क्षेत्र तयार होतं. गटांच्या (group: एकच क्रिया असलेला, आणि ती उलटवता येते असा संच) प्रकरणात मात्र ‘या गटाचा त्या गटाने विस्तार’ असं वाचायला मिळतं. हा ‘त्या गटाने’ कुठून आला? मोठा गट म्हणजे विस्तार, एवढं पुरत नाही का?

उत्तर: नाही पुरत. तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा गट घ्या, त्यात ६ घटक. पहिल्या दोन वस्तूंची अदलाबदल आणि ‘काहीच न करणं’ मिळून २ घटकांचा उपगट होतो. पण तो सामान्य उपगट (normal: मोठ्या गटातला घटक त्याला डावीकडून लावा की उजवीकडून, तोच संच मिळतो असा) नाही, त्यामुळे त्याने भागून गट मिळत नाही. म्हणून मोठा गट त्याचा विस्तार ठरत नाही. ३ घटकांच्या चक्रीय (एकाच घटकाची क्रिया पुन्हापुन्हा करून तयार होणाऱ्या) उपगटाचा मात्र ठरतो, कारण तो सामान्य आहे आणि भागून २ घटकांचा गट (भाग-गट) उरतो. म्हणजे उपगट आणि भाग-गट दोन्ही आधी ठरलेले, शोधायचा तो मधला. क्षेत्राला असं भागता येतच नाही, तिथे आत बसलं की झालं.

पुढचा प्रश्न: दोन्ही टोकं माहीत असली की मधला गट एकच निघतो का?

उत्तर: इथेच तर गंमत आहे. दोन्हीकडे २ घटकांचा गट ठेवा. उत्तरं दोन: ४ घटकांचा चक्रीय गट आणि क्लाइनचा गट (४ घटकांचाच, पण कोणताही घटक दोनदा लावला की ‘काहीच न करणं’ उरतं असा). फरक हातच्याचा! चक्रीय गटात भाग-गटाच्या बाजूला १ + १ केलं की हातचा १ उपगटात जातो, क्लाइनच्या गटात हातचा घेतच नाहीत. गणितज्ञ ओटो श्रायर यांनी १९२६ मध्ये विस्तारांचा जो सिद्धांत मांडला, त्यातला गाभा म्हणजे हातच्यांचा असा तक्ता. दोन्हीकडे ३ घटक घेतले तर हातचा ०, १ किंवा २, असे तीन विस्तार. गट मात्र दोनच, कारण हातचा १ असो वा २, गट ९ घटकांचा चक्रीयच येतो. तेव्हा ‘वर्गीकरण’ म्हणताना विस्तारांचं की गटांचं, हे आधी सांगावं.

आणखी एक: सांत (मोजता येतील इतक्या घटकांच्या) साध्या (simple: ज्यांना भागून लहान करता येत नाही अशा) गटांचं वर्गीकरण झालं ना? मग सगळे सांत गट हाती आले असं म्हणायला हरकत काय?

उत्तर: हरकत मोठी आहे. ती यादी झाली: १८ अनंत कुळं आणि २६ सुटे गट. (त्यातल्या सर्वांत मोठ्या, मॉन्स्टर नावाच्या गटाला ‘साधा’ म्हणायला जीभ वळत नाही.) पुराव्यातली शेवटची मोठी फट २००४ च्या सुमारास बुजली. पण साधे गट म्हणजे फक्त विटा, विस्तार करत त्या रचल्या की बाकीचे सांत गट होतात. २ घटकांची एकच वीट वापरून ८ घटकांचे ५ गट होतात, १६ चे १४, ३२ चे ५१ आणि ६४ चे २६७.

जाता जाता: कोणाचा विस्तार आणि कोणाने, याचा क्रम पुस्तकागणिक उलटतो. लिहिताना ‘अमुक सामान्य उपगट, तमुक भाग-गट’ असं सरळ लिहावं.