दूधगंगेचा काठ दरवर्षी ढासळतोय, पंचायतीकडनं नेमकं काय काम धरावं?

मळीकाठ_निपाणी
नमस्कार मंडळी. मी निपाणी तालुक्यात दूधगंगेकाठच्या एका गावचा ग्रामपंचायत मेंबर, पहिल्यांदाच निवडून आलोय आणि काठाच्या कामाचं घोंगडं माझ्याच गळ्यात आलंय. स्मशानाजवळचा काठ २०१९ च्या पुरात बराच गेला, २०२१ ला आणखी गेला, आता दरड शेडच्या पायाजवळ आलीया. वरच्या अंगाला सगळा ऊस, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. शेतकरी म्हणतात पंचायतीनं दगडी पिचिंग, म्हणजे काठावर दगड रचून, मारून द्यावं, अध्यक्ष म्हणतात मारूया की, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात नरेगात एवढं मटेरियल बसत नाही. त्यात गावाच्या वर एक तळं हाय, त्याचा गाळ काढल्यापासनं त्याचेपण काठ पडायलेत. शेजारच्या गावात पिचिंग केलेलं, दुसऱ्याच पावसाळ्यात दगड नदीत. मग पिचिंग करायचं का झाडं लावायची? आणि पहिलं काम कुठलं धरायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

निवृत्त_सेक्शनवाला
पिचिंग का झाडं हा प्रश्न नंतरचा, आधी काठ का पडतोय ते जाग्यावर जाऊन बघा. पुराच्या धारेनं खालचा पाया खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी, आणि पूर उतरल्यावर काठ बसला असेल तर वेगळी. आपल्याकडं बऱ्याचदा दुसरं होतंय. पूर चार-पाच दिवस राहिला की मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची माती पाणी पिऊन फुगते, तोवर नदीचं पाणीच काठाला टेकू देत असतंय, मग पाणी झपकन उतरलं की टेकू जातो आणि आतल्या पाण्याच्या वजनानं अख्खी दरड खाली येते. उन्हाळ्यातपण बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले, नाहीतर काळम्मावाडी धरणाचं पाणी सोडायचं बंद झालं की पातळी एकदम पडते आणि हेच होतंय, त्यात वरनं उसाला पाटानं पाणी चालू. म्हणजे काठ दोन्ही अंगांनी भिजलेला.
शेजारच्या गावचे दगड का गेले ते मी न बघता सांगतो, बहुतेक खाली फिल्टर घातला नसणार. नुसत्या मातीवर दगड रचले की फटीतनं बारीक माती धुऊन जाते, आत पोकळी होते आणि दगड बसतात. खाली आधी वाळू, मग खडी, नाहीतर जिओटेक्स्टाइल कापड, मगच दगड. पाया नदीच्या तळाच्या खाली न्यावा लागतो, पाण्याच्या रेषेवर थांबवून चालत नाही. आणि दोन्ही टोकं काठाच्या आत वळवून घालायची, नाहीतर धार टोकामागनं शिरते आणि मागची माती काढून नेते. एवढं सगळं करायचं म्हटलं की पैसा भरपूर लागतो, म्हणून पिचिंग फक्त जिथं हलवता येत नाही अशी वस्तू हाय तिथंच, म्हणजे तुमच्यात स्मशानशेड. बाकी काठाला उतार द्या, एकास दोन तरी, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट आडवं. उभ्या दरडीवर काहीबी करा, ते टिकत नाही.

ऊसकरी_भावा
एकास दोन उतार म्हणजे आमची दोन-तीन सरी जाणार की ओ. मळीच्या जमिनीचा भाव काय चाललाय माहीत हाय का? नदीनं एवढं नेलं ते नेलं, आता पंचायतपण नेणार होय. आणि शेतकऱ्यावरच बिल फाडू नका, वीटभट्टीला काठाचा पोयटा कोण उचलतंय ते बघा की. रात्रीत ट्रॅक्टर भरून जातोय, तिथं कुणी बोलत नाही आणि आम्हाला सांगतात ऊस मागं घ्या.

निवृत्त_सेक्शनवाला
भावा तुमचं चूक नाही. पोयट्याचं आधी बंद करा, तोपर्यंत काठावर रुपया घालणं वाया. ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांना द्या. पण सरीचं म्हणाल तर हिशोब साधा हाय, तुम्ही सरी सोडली नाही तर नदी घेऊन जाणारच, फक्त ती विचारून नेत नाही.

खानापूरकर
मी मलप्रभेच्या वरच्या अंगाचा, कणकुंबीकडचा. आमच्यात तांबडी माती आणि डोंगर, तुमच्यात मळी, तरी वाळ्याचं सांगतो. वाळा म्हणजे खसाचं गवत, कन्नडात लावंचा म्हणतात. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आडवी पसरून उसाचं खात नाहीत, त्यामुळं शेतकरीपण फार कुरकुर करत नाहीत. ठोंब बोटभर लांबीची मुळं ठेवून, वरचा पाला वीतभर ठेवून छाटायचे आणि अर्ध्या-अर्ध्या वितीवर लावायचे, ओळ उताराला आडवी पाहिजे. उभी लावली तर पाण्याला वाटच करून दिल्यासारखं. सावलीत मात्र वाळा मरतो, म्हणून मोठ्या झाडाखाली लावू नका.
आता महत्त्वाचं. सगळे मृगाला लावा म्हणतात, शेताच्या बांधाला ते बरोबरच. पण नदीच्या काठावर जूनमध्ये लावलं तर जुलैत पूर येतो, मूळ धरायच्या आधीच सगळं वाहून जातं. काठाला दिवाळीच्या सुमारास लावा, पूर उतरलेला असतो, गाळाची ओल असते, आणि नदीला पाणी असल्यामुळं मोटार लावून उन्हाळाभर पाणी देता येतं. पुढच्या जुलैपर्यंत मुळं पक्की होतात. पाण्यालगत शेरणी आणि वाळुंज, ही नदीचीच झाडं, पुरात आडवी होतात आणि परत उठतात. वरच्या कडेला करंज, निरगुडी. निलगिरी बिलगिरी नको.
तळ्याचं वेगळं. जेसीबीवाल्यांनी गाळ काढताना काठ उभा कापला असणार, गाळ जास्त निघाला की बिल जास्त, सरळ हाय. परत उतार करून घ्या. काठाचा लव्हाळा "साफसफाई" म्हणून काढायला लावतात तो काढू देऊ नका, लाटेचा मार तोच खातो. म्हशी सगळीकडनं उतरत असतील तर एकाच जाग्यावर दगड बसवून घाट करा, बाकीकडं काटेरी कुंपण घाला. आणि गाळ येतोय कुठनं? वरच्या माळावरनं. तिथं समतल चर मारा, ओढ्यात दगडी बांध घाला, नाहीतर तळं परत भरणार.

टीए_चिकोडी
नरेगाचं मी सांगतो, रोजचंच काम हाय. मजुरी ६० आणि मटेरियल ४० असं बसवावं लागतंय, म्हणून पीडीओ बरोबर बोलले. पण त्यातच सोय हाय, माळावरचे चर, बांध, झाडं ही सगळी मजुरीची कामं, ती पहिली धरा, म्हणजे शेडच्या पिचिंगला मटेरियलची जागा निघते. नरेगात जेसीबी आणि ठेकेदार चालत नाही हे अध्यक्षांच्या कानावर आधीच घाला, नंतर भांडणं होतात. झाडांना पाणी घालायची, राखण करायची मजुरी एस्टिमेटमध्येच धरायची, इथंच सगळे घोटाळा करतात, लावायचे पैसे धरतात आणि जगवायचे विसरतात. मग शेळ्या येतात.
क्रिया योजनेत (पंचायतीच्या वर्षाच्या कामांच्या यादीत) हे काम ग्रामसभेतनं घाला. कागद कन्नडात येतो, नीट वाचून घ्या, कामाचं नाव आणि सर्व्हे नंबर चुकला तर परत वर्षभर थांबा. नदीपात्रात हात घालायच्या आधी पाटबंधारे खात्याची परवानगी पाहिजे, ती पंचायतीची जागा नव्हे. तळ्याचं आयकट (त्याच्या पाण्यावर भिजणारं क्षेत्र) ४० हेक्टरच्या आत असेल तर ते पंचायतराजकडं, त्यावर असेल तर मायनर इरिगेशनकडं (लघु पाटबंधारे), तेवढं तालुका पंचायतीत विचारून घ्या. आणि पिचिंगचा फिल्टर आणि पाया दगड बसायच्या आधी मोजून एमबीत (मोजमाप पुस्तकात) घ्या, फोटो काढा, झाकल्यावर आत काय घातलंय ते देवालाच ठाऊक.

मळीकाठ_निपाणी
लई उपयोगी पडलं सगळ्यांचं. काल जेईंना (ज्युनिअर इंजिनिअर) घेऊन काठ बघितला, निवृत्तसाहेब म्हणतात तसंच हाय, शेडजवळ धार खाते आणि बाकी सगळीकडं दरड बसलीया. चर आणि दगडी बांध ग्रामसभेत पहिलं घालायचं ठरवलंय, पिचिंग फक्त शेडपुरतं, काठाचा वाळा दिवाळीला. वाळ्याच्या रोपांसाठी पंचायतीच्या विहिरीजवळ वाफे करायचे म्हणतोय, म्हणजे विकत घ्यायला नको. दोन शेतकरी सरी सोडायला तयार झालेत, लिहून देतो म्हणाले. तिसऱ्याची जमीन भावकीच्या वादात कोर्टात हाय, सही कुणाची घ्यायची तेच कळेना, आणि त्याची पट्टी नेमकी मधोमध.

ऊसकरी_भावा
भावकीत पंचायत पडली की दोघंपण तुमच्यावर उलटतात, बघून करा मर्दा.

टीए_चिकोडी
उताऱ्यावर नावं असलेल्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लागेल, एकाच्या सहीवर काम चालू करू नका, उद्या स्टे आणला तर बिल अडकतंय.

निवृत्त_सेक्शनवाला
मधली पट्टी सोडायची वेळ आली तर तिच्या दोन्ही बाजूची टोकं आत वळवून घ्यावी लागतील, नाहीतर पूर त्याच फटीतनं मागं शिरेल. त्याचा खर्च आत्ताच एस्टिमेटमध्ये धरायला जेईंना सांगा, मंजुरी झाल्यावर वाढवायला गेलात तर फाइल परत पहिल्यापासनं फिरते.